पेटीवरचं नाव

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा शनिवारचा निरोप दोनदा वाचला. आपल्या मंडळाने हॉस्पिससाठी, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी, वर्गणी गोळा करायचं ठरवलं, खजिनदार म्हणून सगळ्यांनी तुझं नाव सुचवलं आणि तू नको म्हणालीस. कारणही लिहिलंस: "काका, कॅप्टन टॉमच्या घरच्यांचं सगळं वाचल्यापासून कुणापुढे हात पसरायची लाज वाटते." त्याखाली एक प्रश्न होता, जरा दबकतच विचारलेला. २०२० च्या एप्रिलमध्ये तू इथे ब्रिटनमध्ये नवी होतीस, लॉकडाऊनमध्ये एका खोलीत अडकलेली विद्यार्थिनी. तेव्हा त्या म्हाताऱ्या माणसाला टीव्हीवर चालताना पाहून पाच पौंड दिले होतेस. ते पाच पौंड बुडाले का?

नाही, बुडाले नाहीत. हे आधी सांगतो, कारण गेल्या काही वर्षांत या प्रकरणात दोन वेगळ्या पेट्यांची सरमिसळ झाली आहे आणि तुझ्यासारख्या लाखो लोकांच्या मनात नाहक सल राहिला आहे.

पहिली पेटी टॉम मूर, म्हणजे सगळे ज्यांना कॅप्टन टॉम म्हणतात ते जुने सैनिक, यांच्या चालण्याची. बेडफर्डशरमधल्या मार्स्टन मॉरटेन गावातलं घर, घराच्या अंगणात २५ मीटरची एक फेरी, हातात वॉकर. ३० एप्रिलला वयाची शंभरी भरायच्या आत १०० फेऱ्या मारायच्या आणि हजार पौंड जमवायचे, एवढाच संकल्प होता. शंभरावी फेरी १६ एप्रिललाच झाली, तेव्हा यॉर्कशर रेजिमेंटचे जवान मानवंदनेला उभे होते. वाढदिवसापर्यंत १५ लाखांहून जास्त लोकांनी मिळून सुमारे ३ कोटी २८ लाख पौंड दिले. गिफ्ट एडची, म्हणजे देणगीवरचा जो कर सरकार संस्थेला देतं त्याची, भर पडून ती रक्कम ३ कोटी ८९ लाखांच्या आसपास गेली. हा पैसा जस्टगिव्हिंग या देणग्यांच्या संकेतस्थळावरून थेट एनएचएस चॅरिटीज टुगेदरकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला मदत करणाऱ्या संस्थांच्या संघाकडे, गेला. त्यातून रुग्णालयांत कर्मचाऱ्यांसाठी विश्रांतीच्या खोल्या झाल्या, समुपदेशनाची सोय झाली, भेटीला बंदी असलेल्या रुग्णांना घरच्यांशी बोलता यावं म्हणून टॅबलेट आले. तुझे पाच पौंड त्यात आहेत. पुढे जी चौकशी झाली, तिचा या पैशाशी संबंध नव्हता.

माझं या माणसाशी एक खासगी नातं आहे, तुला कधी सांगितलं नाही. माझं लहानपण खडकीत गेलं. दुसऱ्या महायुद्धात टॉम मूर मुंबईला उतरून रेल्वेने पुण्याला आले आणि तिथून खडकीच्या छावणीत. पुढे सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांचं प्रशिक्षण, मग बर्मातल्या आराकानची आघाडी. मी ज्या रस्त्याने शाळेत जायचो त्या बाजूला हा विशीतला यॉर्कशरचा पोरगा कधीतरी राहिला होता, हे २०२० मध्ये वाचलं तेव्हा मला आपल्याच गल्लीतलं कुणी थोर निघाल्यासारखं वाटलं. जुलैमध्ये राणीने विंडसरला त्यांना सर ही पदवी दिली, तो सोहळा मी आणि तुझ्या काकूने उभं राहून पाहिला. २ फेब्रुवारी २०२१ ला ते गेले. म्हणून पुढची बातमी मलाही लागली, तुझ्यापेक्षा कमी नाही.

दुसरी पेटी म्हणजे कॅप्टन टॉम फाउंडेशन. ही संस्था २०२० मध्येच, चालण्याला प्रसिद्धी मिळाल्यानंतर, त्यांच्या नावाने निघाली. पहिल्या वर्षात सुमारे ११ लाख पौंड जमले. चार संस्थांना प्रत्येकी ४० हजार, म्हणजे १ लाख ६० हजार दिले गेले, आणि व्यवस्थापनाचा खर्च १ लाख ६२ हजारांवर गेला. नव्या संस्थेचा पहिल्या वर्षी खर्च जास्त होतो, हे मी खजिनदार म्हणून मान्य करीन. पण प्रश्न विचारायला लोकांना जागा मिळाली आणि धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनने जून २०२२ मध्ये रीतसर चौकशी सुरू केली. अहवाल आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. मी तो संध्याकाळी उशिरापर्यंत बसून वाचला.

त्यातलं पुस्तकाचं प्रकरण तू नीट वाच. पुस्तकांचा करार झाला तो घरच्यांच्या खासगी कंपनीशी, आगाऊ रक्कम जवळपास १४ लाख ७० हजार पौंड. आत्मचरित्राच्या प्रस्तावनेत मात्र म्हटलं होतं की या पुस्तकामुळे त्यांच्या नावाच्या फाउंडेशनसाठी आणखी पैसा उभा करायची संधी मिळते आहे. ते वाचून ज्याने पुस्तक घेतलं त्याला वाटणार की आपण दानच केलं. त्या आगाऊ रकमेतलं फाउंडेशनला काही मिळालं नाही. मुलगी हॅना इन्ग्रम-मूर यांनी २०२३ मध्ये टीव्हीवर सांगितलं की पुस्तकांचे सुमारे आठ लाख पौंड कुटुंबाने ठेवले आणि वडिलांचीच तशी इच्छा होती. असेलही. वडिलांनी मुलीला आपल्या पुस्तकाचे पैसे द्यावेत यात गैर काय? पण मग प्रस्तावनेत ते वाक्य नको होतं. छापलेल्या एका वाक्याने त्या पैशाची जात बदलली होती.

तसंच एका कंपनीच्या पुरस्कार सोहळ्याचं. पुरस्कारांना फाउंडेशनचं नाव, हॅना तेव्हा फाउंडेशनच्या मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि मानधनाचे १८ हजार पौंड त्यांना, फाउंडेशनला दोन हजार. घराच्या आवारातल्या बांधकामाचंही तेच. परवानगीच्या पहिल्या अर्जात फाउंडेशनचं नाव, मग वाढीव आराखड्यात स्पाचा तलाव. कौन्सिलने तो नाकारला, नोव्हेंबर २०२३ मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि २०२४ मध्ये ती इमारत पाडावी लागली. हॅना यांना दहा वर्षं आणि त्यांचे पती कॉलिन यांना आठ वर्षं कुठल्याही संस्थेचं विश्वस्तपद घ्यायला मनाई झाली. आपल्याला अन्यायाने वागवलं, आम्ही एक पैसाही लाटला नाही, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. कमिशनने ठपका ठेवला तो गैरवर्तनाचा आणि गैरव्यवस्थापनाचा: खासगी काय आणि संस्थेचं काय, यातली रेघ पुन्हा पुन्हा पुसली गेली.

ही रेघ एका कुटुंबाचीच पुसली गेली असं नाही. पाकिस्तान-अफगाणिस्तानात शाळा बांधणारे अमेरिकेचे ग्रेग मॉर्टेन्सन आठव. तिथेही पुस्तकच. पुस्तकाच्या प्रती आणि जाहिरात संस्थेच्या खर्चाने, पुस्तकाची कमाई त्यांची. २०१२ मध्ये मोंटाना राज्याच्या अॅटर्नी जनरलने त्यांना दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम संस्थेला परत करायला लावली. शाळा मात्र बांधल्या गेल्या होत्या, मुली शिकत होत्या.

आता तुला एक माझी गोष्ट सांगतो. इथे आल्यावर काही वर्षांनी मी एका लहान संस्थेचा खजिनदार होतो. नाव घेत नाही. एका मावशींनी ती सुरू केली होती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गरम जेवणाचे डबे पोचवायची. मावशी गेल्या आणि काम मुलाकडे आलं. भला मुलगा, आईसारखाच राबणारा. डब्यांसाठी एक व्हॅन होती. महिन्याच्या बिलांत मला शनिवारी रात्रीच्या पेट्रोलच्या पावत्या दिसायला लागल्या. डबे फक्त सोमवार ते शुक्रवार जायचे. तो त्याच्या दुकानाचा माल आणत होता. मी पावती हातात धरायचो, तारीख वाचायचो आणि सही करायचो. कारण पावतीच्या मागे मला मावशींचा चेहरा दिसायचा. त्यांच्या मुलाला पेट्रोलचा हिशोब विचारायचा कसा? सोळा महिने मी तशा सह्या केल्या. शेवटी वार्षिक सभेत डबा घेणाऱ्याच एका आजोबांनी उभं राहून विचारलं. रक्कम निघाली ६४० पौंड. मुलाने त्याच आठवड्यात भरली, रडला, माफी मागितली. पण देणगीदार गळत गेले आणि पुढच्या हिवाळ्यात डबे बंद पडले. त्या आजोबांचा डबासुद्धा.

त्याला मी चोर म्हणत नाही. मी वेळेवर विचारलं असतं तर पहिल्याच महिन्यात तो वरमला असता आणि काम टिकलं असतं. मावशींवरच्या मायेपोटी मी गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याने मावशींचंच काम बुडालं.

म्हणून तू जेव्हा लिहितेस की "तळे राखी तो पाणी चाखी, हे असंच चालायचं", तेव्हा मला राग येतो, तुझा नाही, त्या म्हणीचा. ती म्हण ऐकली की विचारणारा गप्प बसतो आणि चाखणाऱ्याला मोकळं रान मिळतं. टॉम मूर यांच्या प्रकरणात कुणीतरी हिशोब उघडून वाचला म्हणून सगळं बाहेर आलं. इथे कुठल्याही नोंदणीकृत संस्थेचा क्रमांक टाकला की चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत तिचे विश्वस्त आणि जमाखर्च दिसतो. तू आतापर्यंत किती वेळा पाहिलास? मीही २०२० मध्ये पाहिला नव्हता. आपण चेहरा पाहून दिलं आणि चेहरा पाहूनच रागावलो.

आता आपल्या मंडळाकडे येतो, कारण इथे तुझी खरी अडचण आहे आणि ती तू लिहिली नाहीस. वर्गणीला आपल्या मंडळातल्या आजींचं नाव द्यायचं ठरलंय. आजींचे शेवटचे पाच आठवडे त्या हॉस्पिसमध्ये गेले, त्यामुळे नाव योग्यच आहे. त्यांचा मुलगा समितीत आहे. सूनबाईंना आजींच्या पाककृतींची पुस्तिका काढायची आहे आणि गणपतीत ती विकायची आहे. तुला भीती वाटते ती यातच. उद्या त्यांना काही विचारायची वेळ आली तर विचारणार कसं?

आधीच विचार, कुणाच्याही मनात काही नसताना. या आठवड्यात त्यांच्या घरी जा, चहा घे आणि पुस्तिकेचं पहिलं पान काय असेल ते तिथेच लिहून घे. छपाईचा खर्च कोण करणार, विक्रीतले किती पौंड हॉस्पिसला, उरले तर कुणाचे. सगळे हॉस्पिसला असतील तर तसं छापा. अर्धे कुटुंबाने ठेवायचे असतील तर "अर्धी रक्कम हॉस्पिसला" असं छापा, त्यातही कमीपणा नाही. लोक तेवढ्यावरही आनंदाने घेतील. फक्त आजींचा फोटो आणि "हॉस्पिसच्या मदतीसाठी" एवढंच छापून बाकीचं मनात ठेवू नका.

आणि बँकेच्या खात्यावर सही करणाऱ्या दोघांपैकी कुणीही त्या घरातलं नको. हे तू त्यांच्या मुलाला स्वतः सांग, माझं नाव सांगून सांग हवं तर. त्याला वाईट वाटेल. एखादा दिवस तो तुझ्याशी बोलणारही नाही. पण पुढे कुणी कुजबुजलं तर याच गोष्टीमुळे तो आईच्या नावासाठी ताठ मानेने उभा राहू शकेल.

पेट्यांचं सांगतो. प्रत्येक पेटीवर क्रमांक आणि कागदी सील, सीलवर दोघांच्या सह्या. कुणी पेटी घरी नेली तर कोणती, कुणी, कधी, हे वहीत. उघडताना दोघं हवेत आणि मोजणीही तिथेच, टेबलावर. बँकेच्या पारदर्शक पिशव्या ठरलेल्या असतात: एक पौंडाची नाणी भरायची तर वीस, वीस पेन्सची दहा पौंडांची, दहा आणि पाच पेन्सची पाच पाच पौंडांची, तांब्याची एका पौंडाची. तांब्याची नाणी मोजून बोटं काळी होतात आणि हाताला एक कडवट वास राहतो, साबणानेही लगेच जात नाही. लहान मुलांनी खाऊच्या पैशातून टाकलेली असतात ती. मोजताना कुणी म्हणेल, "जाऊ दे, तांबं कशाला मोजायचं, अंदाजे लिही." अंदाजे लिहू नकोस.

एकूण आकडा झाला की त्याच रात्री मंडळाच्या दारावर लाव, पुण्यात गणपती मंडळं जमाखर्चाचा फलक लावतात तसा. हॉस्पिसची पावती आली की ती त्याच्या शेजारी.

तू खजिनदार हो. ज्याला पैसे मागायची लाज वाटते त्याच्याच हातात पेटी असावी, असं मला मनापासून वाटतं. रविवारी चारच्या सुमारास मी पोचतो, बँकेतून आणलेल्या नाण्यांच्या रिकाम्या पिशव्या घेऊन येतो. मोजायला माझ्याबरोबर तू आणि समितीबाहेरचं कुणी तरी एक बस. आणि मी येईपर्यंत सील तोडू नका.

तुझा,
काका