पहिल्या कथासंग्रहासाठी प्रकाशक पैसे मागत असेल तर ते द्यावेत का? पुस्तक विकताना लेखकाला कोणत्या अडचणी येतात?

आपण ऐरोलीला राहता, 160 पानांचा कथासंग्रह तयार आहे, एका प्रकाशन संस्थेने 500 प्रतींसाठी पैसे मागितले आहेत आणि पुस्तक दुकानांत पोहोचवण्याची हमी तोंडी दिली आहे, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. मी ठाण्यात मुद्रितशोधनाचे काम करते आणि माझीही दोन पुस्तके प्रकाशित झालेली आहेत, त्यामुळे प्रकाशक आणि लेखक या दोन्ही बाजूंचे हिशेब मला जवळून दिसतात. माझे मत असे की, पुस्तक छापून घेणे आज अवघड राहिलेले नाही. छापखान्यातून निघालेली प्रत अनोळखी वाचकाच्या हाती जाणे अवघड आहे, आणि आपल्याकडून मागितलेली रक्कम बहुधा या दुसऱ्या कामासाठी नसतेच.

आपल्या पुस्तकाची किंमत 250 रुपये ठेवली असे समजू. वितरक छापील किमतीवर साधारण 40 ते 50 टक्के सवलत घेतो आणि त्यातूनच दुकानदाराचा वाटा जातो. 45 टक्के धरल्यास प्रकाशकाच्या हाती 137 रुपये 50 पैसे राहतात. लेखकाचे मानधन छापील किमतीच्या 10 टक्के, म्हणजे 25 रुपये, वजा केले आणि दहा फर्म्यांच्या (एक फर्मा म्हणजे सोळा छापील पाने) पुस्तकाला कागद, छपाई व बांधणी मिळून प्रतीमागे 80 रुपये खर्च धरला, तर उरतात साडेबत्तीस रुपये. सर्वच्या सर्व 500 प्रती विकल्या गेल्या तरी ही रक्कम 16,250 रुपयांच्या पुढे जात नाही, आणि त्यातून अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदाम व वाहतूक भागवायची असते. शिवाय माल उधारीवर जातो, पैसे काही महिन्यांनी येतात आणि न विकलेल्या प्रती कोपरे दुमडून परत येतात. म्हणून नव्या लेखकाकडे पैसे मागणारा प्रत्येक प्रकाशक लबाड असतो असे मी म्हणणार नाही. नव्या नावाच्या कथासंग्रहात स्वतःचे पैसे अडकवणे त्यालाही परवडत नाही. मात्र खर्च लेखकाने उचलला की प्रत विकण्याची प्रकाशकाची निकडही संपते, कारण त्याचा फायदा छपाईच्या वेळीच वसूल झालेला असतो. आपल्या प्रश्नातली खरी अडचण इथे आहे.

तेव्हा पैसे देण्याआधी त्या संस्थेची पारख कशी करावी? तिने गेल्या दोन-तीन वर्षांत काढलेली पुस्तके नौपाड्यातल्या किंवा दादरच्या दुकानात जाऊन नावाने मागून पाहा. ती फळीवर नसतील आणि दुकानदाराला मागवूनही देता येत नसतील, तर वितरणाचे आश्वासन पोकळ आहे. तिच्या एखाद्या लेखकाशी बोला आणि विक्रीचे विवरण दरवर्षी लेखी मिळते का, एवढेच विचारा. संपादनाविषयीही विचारणा करावी, कारण आलेली प्रत्येक संहिता जशीच्या तशी स्वीकारणाऱ्या संस्थेला प्रकाशक म्हणण्यापेक्षा छपाईचा ठेकेदार म्हणणे अधिक योग्य ठरेल. ठेकेदाराकडून काम करून घेण्यात गैर काहीच नाही, फक्त मग दर छपाईचाच द्यावा.

खर्चाच्या पत्रकात आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, काही हजार रुपये दाखवलेले असतील तर त्यावर बोट ठेवा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो आपल्या नावे मिळतो. तसेच 1954 च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना 30 दिवसांच्या आत पाठवणे ही प्रकाशकाची जबाबदारी आहे, आणि तीही त्याच्याच खर्चाने.

करार लेखीच हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे कायमस्वरूपी’ अशा एका ओळीवर सही करू नका, कारण हे हक्क आपल्या हयातीनंतरही 60 वर्षे टिकतात आणि ती एक ओळ आपल्या नातवंडांनाही बांधून ठेवू शकते. कागदी आवृत्ती, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे नोंदवावेत. ध्वनिपुस्तके ऐकवणारे स्टोरीटेल हे अ‍ॅप 2017 साली भारतात आल्यापासून मराठी ध्वनिपुस्तकांना श्रोता मिळू लागला आहे, आणि कथा तर ऐकण्यासाठी विशेष सोयीच्या असतात.

ज्या तांत्रिक बाबीबद्दल कोणी आधी सांगत नाही, तीही माझ्या कामामुळे इथे नमूद करते. अनेक ठिकाणी अक्षरजुळणी अजूनही जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फाँटमध्ये होते. छापील पानावर अक्षर सुंदर दिसते, पण ती फाइल ई-पुस्तकासाठी वापरायला घेतली की जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या विस्कटतात आणि सारे शोधन पुन्हा करावे लागते. अंतिम फाइल युनिकोडमध्ये आणि आपल्या ताब्यात मिळेल, हे करारातच लिहून घ्या.

विक्रीविषयी बोलायचे तर, प्रकाशन समारंभावर लेखक मंडळी जो खर्च करतात त्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. ठाण्यात सहयोग मंदिर किंवा वाशीत साहित्य मंदिराचे सभागृह घ्यायचे, पाहुणे बोलवायचे, शाल-श्रीफळ, चहा-अल्पोपाहार, आणि टेबलावरच्या प्रती घेणारे बहुतेक जण आपले नातेवाईक आणि कचेरीतले सहकारी. समारंभ करू नये असे नाही, आनंदाचा प्रसंग आहे. पण तो विक्रीच्या खात्यात धरू नये. त्यापेक्षा पुस्तक येण्याआधी वर्षभर दोन-तीन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या तर अधिक उपयोग होतो. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही परंपरा आजही कथेचा वाचक टिकवून आहे, आणि ज्याला आपले नाव आधी कुठेतरी वाचल्याचे आठवते तोच दुकानात आपले पुस्तक उचलून पाहतो. समाजमाध्यमांवर मुखपृष्ठ टाकले की अभिनंदनाचा पाऊस पडतो, मागणी मात्र क्वचितच येते. कथेतला एखादा परिच्छेद टाकून खाली प्रत मागवण्याची सोय दिली तर फरक पडतो, असे माझ्या पाहण्यात आले आहे.

मराठीत नव्या लेखकाचा सर्वांत भरवशाचा ग्राहक अजूनही ग्रंथालय हाच आहे. 1967 च्या कायद्याखाली राज्यात अ, ब, क, ड वर्गांची हजारो अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. त्यांची खरेदी अनुदानाचा हप्ता आल्यावर, विशेषतः मार्चअखेर होते, त्यामुळे एप्रिलमध्ये पुस्तक काढले तर हा मोठा हंगाम हातचा जातो. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या, 1893 पासून चालत आलेल्या संस्थेत आपले पुस्तक असणे हा मान आहेच, शिवाय एका प्रतीमागे अनेक वाचक मिळतात.

सगळ्या 500 प्रती एकदम घरी आणू नका. त्यांचे वजन 100 किलोच्या घरात जाते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवलेल्या खोक्यांतली पाने दमट होतात. मागणीनुसार छपाईची सोय असल्यास आधी 100 प्रती घ्याव्यात. दर प्रतीमागे थोडा जास्त पडतो, पण पैसे अडकत नाहीत. पोस्टाने प्रती पाठवणार असाल तर डाक विभागाने 1 मे 2025 पासून सुरू केलेल्या ज्ञान पोस्टची चौकशी करा; 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये अधिक कर, असा दर तेव्हा जाहीर झाला होता आणि आपले पुस्तक त्या वजनात बसावे.

त्या संस्थेला होकार देण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी अवश्य करा. ही योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. निवड झाल्यास छपाईचा भार हलका होतो, आणि निवड न झाल्यासही तोवरचा काळ वाया जात नाही: तेवढ्या अवधीत एखादी कथा दिवाळी अंकाकडे पाठवता येईल आणि संस्थेकडून कराराचा मसुदाही लेखी मागवून घेता येईल. मसुदा द्यायला त्यांनी टाळाटाळ केली, तर पैशांविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले असे समजा.