तेरा गोळ्या उरल्या कशा?

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून बसते. बीपीचा पेशंट माझ्यासमोर खुर्चीत टेकला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'एकदा गोळी सुरू केली की ती जन्माची मागे लागते ना?' श्रावणात आलेल्या एका काकींनीही तोच विचारला. त्यांचं नाव-गाव सांगत नाही. वय साठीच्या आसपास, घरची भातशेती, मुलगा मुंबईला.

चार महिने झाले तरी त्यांचं बीपी उतरत नव्हतं. डॉक्टरांच्या मनात डोस वाढवायचं होतं, पण त्याआधी त्यांनी काकींना माझ्याकडे पाठवलं. एसटी स्टँडवर उतरून, मिश्री लावून काकी थेट आत आल्या होत्या. तेव्हा वरचा आकडा १७६ निघाला. तंबाखू किंवा चहानंतर अर्धा तास तरी बीपी मोजू नये. म्हणून त्यांना बसवून ठेवलं, पाठ टेकवायला आणि पाय जमिनीवर ठेवायला सांगितलं आणि मग पुन्हा मोजलं. १६४/९८. कमी झालं, तरी जास्तच.

"काकी, पिशवी ओता बघू टेबलावर."

पूर्वी मी असं करत नसे. गोळ्या चुकवू नका, नाहीतर लकवा मारेल, असं दरडावून सांगायचे. एक आजोबा तेवढं ऐकून गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून मी आधी पिशवी बघते.

काकींच्या पिशवीत अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीची पाकिटं होती. ३० गोळ्या नेल्याला २८ दिवस झाले होते, म्हणजे २ उरायला हव्यात. निघाल्या १३. त्यातल्या काही पाकिटातून काढून कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलेल्या, पावसाळी हवेने दमट झालेल्या. शिवाय कापलेल्या पट्टीतल्या दोन रंगांच्या, नाव नसलेल्या गोळ्या.

"पंधरा मी घेवक नाय," काकी शांतपणे म्हणाल्या. "चार वन्संक दिलंय, तिचा डोक्या दुखत होता."

त्या पंधरांचं त्यांच्याकडे कारण होतं. "दोन दिस घेवक नाय, तिसऱ्या दिवशी आशाताईकडे मोजून घेतलंय. १३० इला! मगे गोळी कित्याक?"

मला हसू आलं, पण मनातून मानलंही. बाईंनी चक्क प्रयोग केला होता. फक्त ही गोळी रेंगाळणारी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तिचा अंगातला अंश निम्म्यावर यायलाच दीड-दोन दिवस लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशीचा चांगला आकडाही त्याच गोळीची पुण्याई असतो. बीपी चढतं ते त्यानंतर, आणि बहुतेकांना ते चढल्याचं कळतही नाही. काही दुसऱ्या गोळ्या तर अशा असतात की अचानक बंद केल्या तर बीपी उसळतं.

"तुमच्या खाडीलगतच्या खाजणातल्या शेताला बांध आहे ना? वाफ्यात खारं पाणी नाही म्हणून तो फोडता का?"

"बांध फोडूक कोण सांगता? पण डागडुजी लागता मा?" असं म्हणून त्यांनी लुगडं थोडं वर केलं. घोटे सुजले होते. खरं कारण हे होतं. ही सूज अ‍ॅम्लोडिपिनने येऊ शकते, पण डॉक्टरांना सांगायचं सोडून काकी गोळीच चुकवत होत्या.

आणि ती दोन रंगांची गोळी? लावणीत वाकून गुडघे धरले म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची औषधं बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावरही ताण आणतात. ही गोळी कुठली ते पट्टीवरून कळेना, म्हणून ती डॉक्टरांकडेच दिली. डोस वाढवायचं तूर्त राहिलं. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी बदलली, टेल्मिसार्टन दिली. तिच्याबरोबर रोजचं शहाळं किंवा 'कमी सोडियमचं' मीठ चालेल का, हे आधी विचारायचं, कारण दोन्हींत पोटॅशियम असतं. सुक्या बांगड्याचं मात्र मी स्पष्टच सांगितलं. दिवसाकाठी सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे चहाचा जेमतेम चमचाभर, आणि खारवलेलं, लोणचं, पापड हे सगळं त्यातच मोजायचं.

जन्माच्या प्रश्नाचं उत्तर मी गोड करून दिलं नाही. बहुतेकांना गोळी वर्षानुवर्षं लागते. पण ते व्यसन नव्हे. वजन आणि मीठ घटलं तर डोस कमीही होतो, मात्र तो डॉक्टरांनी कमी करायचा. एखादी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची; दुसऱ्या दिवसाची वेळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाहीत. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा छातीत दुखलं, तर गोळी शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

गणपतीनंतर काकी आल्या त्या न विचारताच म्हणाल्या, "दोन चुकले. एक हरतालकेक, एक गौरीक." पट्टी आता चहाच्या डब्यापाशी असते. बीपी १३८/८४, घोटे उतरलेले.

मागे दारात त्यांच्या वन्सं उभ्या होत्या, हातात पिशवी घेऊन. काकींच्या पिशवीपेक्षा मोठी.