गावी उभ्या असलेल्या जुन्या बाईकचं इंजिन ई-20 पेट्रोलमुळे खराब होतं का?

तुमची बाईक 2013 ची, कार्बोरेटरवाली. एरवी गावच्या घरी उभी, तुम्ही मुंबईहून गणपतीला आणि शिमग्याला येता आणि दर वेळी ती सुरू व्हायला नकार देते. ई-20 मुळे, म्हणजे 20 टक्के इथेनॉल (ऊस-मक्यापासून बनणारं अल्कोहोल) मिसळलेल्या पेट्रोलमुळे, इंजिनच जातंय का, असं तुम्ही विचारलंय. रत्नागिरी जिल्ह्यात बावीस वर्षं दुचाकींचं गॅरेज चालवतो, आणि अशा गाड्या दर भाद्रपदात माझ्या दारात रांगेने उभ्या असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दिलासा. तुमचं इंजिन, म्हणजे पिस्टन, सिलिंडर, क्रँक, बहुतेक शाबूत असणार. त्रास इंजिनच्या अलीकडे आहे: टाकी, कॉक (पेट्रोल चालू-बंद करणारी तोटी), पाइप आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग). आणि हा त्रास गाडी चालवण्यापेक्षा ती उभी ठेवल्याने जास्त होतो.

नुसतं पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पूर्वी टाकीत थोडं पाणी गेलं तरी ते तळाला बसायचं, कॉक काढून सांडलं की काम झालं. इथेनॉल मात्र पाणी पोटात घेतं. हवेतल्या दमटपणातून ते हळूहळू येतं, पण खरं पाणी शिरतं ते टाकीच्या झाकणाच्या कडक झालेल्या रबरातून, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्याला तोटा नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत हे पाणी विरघळलेलं राहतं. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारठा पडला, की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याला धरून खाली बसतं. कॉकही टाकीच्या तळालाच. म्हणजे तुम्ही किक मारता तेव्हा कार्बोरेटरमध्ये आधी जातं ते हे पाणी-इथेनॉल. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न पडता जळण्याची ताकद, तीही उतरलेली असते.

गेल्या गणपतीत आलेली एक गाडी सांगतो. मालक ठाण्याला, गाडी सात-आठ महिने पडवीत. कार्बोरेटरची वाटी, म्हणजे खालचं पेट्रोल साठणारं भांडं, सोडून आतलं काचेच्या बाटलीत ओतलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली तांदळाच्या धुवणासारखा गढूळ थर. वाटीच्या तळाला पांढरी भुकटी, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी जेटभोवती हिरवट कीट. स्लो जेट (गाडी सुरू होताना पेट्रोल देणारा) उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. त्याचं भोक मुळात केसाएवढं, ते बुजल्यावर गाडी कितीही किका मारल्या तरी कशी सुरू होणार? वाटीत येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या फ्लोटच्या नीडलचं रबरी टोक फुगून चिकटलं होतं आणि पेट्रोल पाइप बोटांनी दाबला तर भेगा उघडत होत्या. जुन्या गाड्यांतलं रबर इतकं इथेनॉल सोसण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांत ई-20 ला चालणारं सामान आलं. तुमची गाडी त्याच्या दहा वर्षं आधीची.

ब्राझीलमध्ये याहून जास्त इथेनॉल चालतं, हे तुम्ही ऐकलं असेल. खरं आहे, पण तिथे 1975 पासून हा कार्यक्रम आहे आणि गाड्या त्या इंधनासाठी तयार होत आल्या. आपल्याकडे जुन्या गाडीवाल्याला बहुतेक पंपांवर निवडच राहिली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उसाला आणि मक्याला भाव मिळतो हे चांगलंच आहे. पण साधं पेट्रोल थोडं महाग का होईना, मिळायला हवं होतं.

मायलेजचं थोडक्यात. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर 50 देणारी गाडी ई-20 वर 46-47 देईल. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींना 6-7 टक्के आणि दुचाकींना 3-4 टक्के घट धरली आहे. कुणाची गाडी 50 वरून 35 वर आली असेल तर दोष इथेनॉलवर ढकलू नका, ब्रेक, क्लच, एअर फिल्टर बघा. दुसरं असं की इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरने ते सावरून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. प्लग पांढरा पडत असेल किंवा चढावर गाडी अडखळत असेल तर मेकॅनिककडून कार्बोरेटरचा एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) नीट जुळवून घ्या. जेटचं भोक मात्र कुणालाही मोठं करू देऊ नका.

बागेत टू-स्ट्रोक ग्रासकटर असेल तर त्याची जास्त काळजी घ्या. थर वेगळे झाले की ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि खालचा थर ऑइलशिवाय आत जातो. पिस्टनवर उभे ओरखडे पडून यंत्र जाम होतं. तिथे खरोखर इंजिनच जातं. काम संपलं की टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, हाच उपाय.

तुमच्या बाईकसाठी: एकदा पेट्रोल पाइप, कॉकचे सील, नीडल, वाटीची रिंग आणि टाकीच्या झाकणाचं रबर बदला. मुंबईला निघायच्या दिवशी टाकी ताज्या पेट्रोलने भरा. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, कारण रिकाम्या जागेत दव धरतं आणि पत्रा गंजतो. मग कॉक बंद करून गाडी स्वतः बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी कोरडी होते. बाजारात मिळणारी औषधं आधी घातली तर थोडीफार मदत करतात, पण एकदा फाटलेलं पेट्रोल त्यांनी परत जुळत नाही.

आणि पुढच्या वेळी आलात की लगेच किक मारू नका. चुलीपासून, विडी-काडीपासून लांब, अंगणात गाडी घ्या, वाटीचा ड्रेन स्क्रू सोडा, कॉक उघडून काचेच्या बाटलीत पावशेर पेट्रोल काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर ती टाकी पूर्ण रिकामी करायची, वरचं चांगलं दिसतंय म्हणून परत ओतायचं नाही. बाटलीत काय दिसलं ते इथे कळवा, पुढचं बघून सांगतो.