अवमूल्यन, घसरण आणि आजोबांची हुंडणावळ

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या निर्यात विभागात नुकत्याच लागलेल्या खानापूरच्या वाचकाने विचारलंय: रोज सकाळी डॉलरच्या बातम्यांचा गोषवारा साहेबांना मराठीतून पाठवतो. 'रुपयाचे अवमूल्यन' लिहिलं की साहेब खोडतात. का? शिवाय आजोबा विनिमय दराला 'हुंडणावळ' म्हणायचे, ते काय? हुंडी तर देवळात असते ना?

साहेब खोडतात ते बरोबरच आहे. अवमूल्यन कुणीतरी करावं लागतं, घसरण आपोआप होते. ६ जून १९६६ ला सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० केला, ते अवमूल्यन. जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत झालं, तेही अवमूल्यनच. मार्च १९९३ पासून दर बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक डॉलर विकून-घेऊन हात घालते, पण दर जाहीर करून बांधून देत नाही. तेव्हा आता रुपया घसरतो, उतरतो, फार तर गडगडतो. कन्नड पेपरात 'अपमौल्य' वाचून आपल्याकडे अवमूल्यन सहज हातून उतरतं, हेही खरं.

१९६६ चं उदाहरण आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. तेव्हा डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला आणि रुपया ३६.५ टक्क्यांनी स्वस्त झाला. दोन्ही आकडे खरे. टक्के कुणाचे ते लिहिलं नाही तर भांडण.

आता हुंडी. सौंदत्तीच्या यल्लम्माची हुंडी मोजली की आकडा पेपरात येतो. ती हुंडी म्हणजे कन्नडातली दानपेटी. आजोबांची हुंडी सावकारी: या गावच्या पेढीवर पैसे भरायचे, त्या गावच्या पेढीवर चिठ्ठी दाखवून घ्यायचे. त्यासाठी मोजायची रक्कम ती हुंडणावळ. दळणाची दळणावळ, दागिन्याची करणावळ, तशी. पुढे इंग्रजांच्या काळात रुपया किती शिलिंग-पेन्सचा, या वादातही मराठीत हाच शब्द चालला. दरासाठी तो आज उकरून काढू नये असं माझं मत, 'विनिमय दर' रुळलाय. पण त्याचं भावंड वटणावळ मात्र कामाचं आहे. डॉलरचे रुपये करून देताना बँक जे कापून घेते, त्याला दुसरा इतका नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण खरा घोटाळा 'वर' या अव्ययात आहे. समजा काल डॉलर ८५.१० होता, आज ८५.२२. 'रुपया ८५.२२ वर' असा मथळा दिला की घाईत वाचणाऱ्याला रुपया वर गेला असं वाटतं. गेलाय खाली, १२ पैशांनी. 'रुपया वधारला' म्हटलं की आकडा मात्र कमी झालेला! म्हणून कर्ता डॉलर करा: 'डॉलर १२ पैशांनी चढून ८५.२२ ला बंद.' फौंड्रीत बिल डॉलरमध्ये निघतं, त्यामुळे तिथली माणसं रुपयाचं नावही घेत नाहीत. 'डॉलर चढलाय बगा' म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं.