फर्स्ट इयर डिझाईनच्या मुलांना ड्रॉइंग शिकवताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच फर्स्ट इयरला व्हिज्युअल रिप्रेझेंटेशन शिकवायचंय, अर्ध्या मुलांनी शाळेनंतर पेन्सिल हातात धरलेली नाही, मग पर्स्पेक्टिव्हने (दूरचं लहान, जवळचं मोठं, डोळ्यांना दिसतं तसं काढणं) सुरुवात करू की थेट सॉफ्टवेअरच घेऊ. माझं म्हणाल तर पहिला महिना तरी दोन्ही नको.

मीसुद्धा आधी पर्स्पेक्टिव्हनेच सुरू करायचो, कारण चित्र लगेच खरं वाटतं आणि मुलं खूश होतात. पण मग दिसायला लागलं की डबा झकास काढणाऱ्या मुलाला "याचं झाकण आत कसं बसतं ते दाखव" म्हटलं की तो थांबतो, कारण डबा कसा दिसतो एवढंच त्याने बघितलेलं असतं, तो बनलाय कसा ते बघितलेलंच नसतं.

म्हणून आता मी प्रत्येकाला एक साधी झाकणाची वस्तू देतो आणि महिनाभर तीच. आधी मोजायची, मग प्लॅन (वरून दिसणारं), एलेव्हेशन (समोरून दिसणारं) आणि सेक्शन (मधून कापल्यावर दिसणारं). सेक्शनला भरपूर वेळ द्या, खरंच, तिथेच सगळ्यात जास्त शिकणं होतं, कारण जाडी, पोकळी, खाच सगळं डोक्यात कापून बघावं लागतं. कापलेली कड जाड, मागे दिसणारी बारीक, लपलेली तुटक, हे लाइनवेट, म्हणजे रेघांचा जाड-बारीकपणा, तेव्हाच पटतं, नुसत्या रेघांच्या सरावाने नाही. मग शीट्स अदलाबदल करायच्या, मूळ वस्तू लपवायची, आणि दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून न बोलता कार्डबोर्डचं मॉडेल करायचं. कुठलं माप राहिलंय ते समोरचा पट्टी घेऊन अडकला की आपोआप कळतं.

आयसोमेट्रिक, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात दाखवणारं ड्रॉइंग, यानंतर. मुलांना सांगा की विल्यम फॅरिश केंब्रिजला लेक्चरसाठी यंत्रांची मॉडेल्स जोडून दाखवायचे, आणि ती मदतनिसांना जोडता यावीत म्हणून त्यांना अशी ड्रॉइंग्ज लागायची, त्यावर त्यांनी 1822 साली लिहिलं. म्हणजे ही पद्धतच दुसऱ्याला काम करता यावं म्हणून पुढे आली. तळाच्या कडा आडव्या रेषेशी 30 अंशांत, तिन्ही दिशांना मापं तीच, त्यामुळे चित्रावरून थेट मोजता येतं, जे पर्स्पेक्टिव्हमध्ये जमत नाही.

पर्स्पेक्टिव्ह शेवटी, आणि तिथे व्हॅनिशिंग पॉइंटआधी (जिथे समांतर रेषा दूर जाऊन मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू) क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्यांची उंची हे उभं राहून, खाली बसून प्रत्यक्ष बघायला लावा. एलिप्सवर, म्हणजे तिरकं बघताना गोल काठ जसा लंबगोल दिसतो त्यावर, मात्र घाई नको. वरून बघताना डब्याचा तळ टेबलावर सपाट टेकलाय म्हणून जवळपास सगळेच तिथे सरळ रेघ मारतात, खरं तर डोळ्यांच्या पातळीपासून जितकं खाली जाल तितका एलिप्स जास्त उघडतो, म्हणजे तळाचा वक्र वरच्या काठापेक्षा जास्त गोल हवा. पारदर्शक ग्लास हातात देऊन वर-खाली करायला सांगा, पाच मिनिटांत दिसतं आणि मग कोणी विसरत नाही.

सॉफ्टवेअर दुसऱ्या सेमिस्टरला घ्या, तेव्हा सेक्शनची कमांड कशासाठी आहे हे मुलांना आधीच माहीत असतं.

मार्क देताना एक करा. शीट किती स्वच्छ आहे याला कमी मार्क ठेवा, आणि मॉडेल अडकल्यावर ड्रॉइंगमध्ये काय सुधारलं याला जास्त. म्हणून जुनी, चुकलेली शीट पण जमा करून घ्या, फेकू देऊ नका.