डोमिनियनमध्ये पहिल्याच पाळीत चॅपल घेऊनही आम्ही मागे का पडतो?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला तुम्ही चौघे दर रविवारी डोमिनियन (पानं विकत घेत आपापलं डेक, म्हणजे पानांचा गठ्ठा, उभारायचा पत्त्यांचा खेळ) खेळता. सुरुवातीलाच चॅपल (नको असलेली पानं काढणारं पान) घेता, त्याने फक्त इस्टेट (१ गुणाची पानं) काढता, कॉपर (१ नाणं देणारी पानं) जपून ठेवता, पुढे दुसरं चॅपलही घेता आणि तरी प्रॉव्हिन्स (६ गुणांची पानं) दुसराच कोणीतरी नेतो. शिवाय चॅपल स्वतःलाच ट्रॅश करू शकतं का, म्हणजे खेळातून कायमचं काढू शकतं का, यावरून तुमच्यात वाद आहे.

आधी वाद मिटवू. चॅपलची किंमत २ नाणी आणि काम एकच: हातातली ४ पर्यंत पानं ट्रॅश करणं. खेळलेलं चॅपल हातात नसतं, टेबलावर मांडलेलं असतं, म्हणून ते स्वतःला काढू शकत नाही. हातात दुसरं चॅपल असेल तर तेवढं काढता येतं. ‘४ पर्यंत’ असल्यामुळे एकही पान न काढलं तरी चालतं. काढलेल्या पानांच्या बदल्यात नवी पानं ओढायची नाहीत. ट्रॅशमध्ये गेलेलं पान ढिगात परत येत नाही आणि शेवटी त्याचे गुणही मोजत नाहीत. चॅपल खेळण्यात त्या पाळीची अ‍ॅक्शन (असं पान खेळायची संधी) खर्च होते, खरेदी मात्र शिल्लक असते.

आता खरी चूक: कॉपर जपणं. सुरुवातीच्या १० पानांत ७ कॉपर आणि ३ इस्टेट असतात. म्हणजे पानामागे ०.७ नाणं, पाच पानांच्या हाताला सरासरी ३.५. प्रॉव्हिन्सला ८ लागतात, म्हणजे पानामागे १.६ हवं. कॉपर देतं १. ते डेकमध्ये जितका काळ राहील तितका काळ हातातली एक जागा अडवून बसेल आणि त्या जागी यायला हवं होतं ते गोल्ड (३ नाणी देणारं पान) खालीच राहील. नुसत्या इस्टेट काढून थांबलं तर अर्धंच काम होतं.

तुम्ही नाशिकचे, तेव्हा द्राक्षबागेवरून बघा. एप्रिलच्या खरड छाटणीत वेल जवळजवळ उघडी पडते, पण ती छाटणी घडासाठी नसतेच. माल धरायचा तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. चॅपलची पहिली खेळी म्हणजे ही खरड छाटणी. त्या पाळीत काही विकत घेता आलं नाही म्हणून हळहळू नका.

एक हात मांडून दाखवतो. पहिल्या दोन पाळ्यांत चॅपल आणि एक सिल्व्हर (२ नाणी देणारं पान) घेतलं, डेक झालं १२ पानांचं. तिसऱ्या पाळीत आलं: चॅपल, २ इस्टेट, २ कॉपर. चारही काढा, खरेदी शून्य. आता चौथ्या पाळीसाठी खाली उरली ७ पानं: ५ कॉपर, १ इस्टेट, १ सिल्व्हर. त्यातून पाच पानं ओढायच्या २१ तऱ्हा होतात आणि त्यातल्या १६ तऱ्हांत किमान ५ नाणी मिळतात, पाचांमध्ये तर थेट ६, म्हणजे गोल्डची किंमत. डेक रिकामं केल्यावर लगेच गरिबी येते ही भीती इथेच मोडते.

तिसऱ्या किंवा चौथ्या पाळीत चॅपल आणि सिल्व्हर एकाच हातात येण्याची शक्यता साधारण १० पैकी ३ आहे आणि खरी कसोटी तेव्हाच लागते. समजा चॅपल, सिल्व्हर, २ कॉपर, १ इस्टेट आलं. इस्टेट आणि एक कॉपर काढा, उरलेल्या ३ नाण्यांत दुसरं सिल्व्हर घ्या. दोन्ही कॉपर ठेवून ४ चं पान घेण्याचा मोह होतो, पण ते पान खरंच कामाचं असेल तरच.

मर्यादा एकच लक्षात ठेवा: सगळ्या डेकमधली नाणी मिळून ३ च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर सिल्व्हरसुद्धा परवडणार नाही. दुसरं सिल्व्हर किंवा गोल्ड हाताशी आलं की उरलेली कॉपरं बिनधास्त काढा.

छाटणी संपली की लगेच प्रॉव्हिन्सवर उडी मारू नका, बरेच खेळाडू इथे घसरतात. चॅपल, १ सिल्व्हर आणि २ गोल्ड असं चार पानांचं डेक दर पाळीला ८ नाणी देतं. पहिलं प्रॉव्हिन्स घेतलं की पाच पानं झाली, तीही पूर्ण हातात येतात, दुसरंही मिळतं. मग सहा पानं होतात, त्यातलं एक खाली राहतं, आणि ते सिल्व्हर किंवा गोल्ड निघायची शक्यता निम्मी. चौघांच्या खेळात १२ प्रॉव्हिन्स असतात, दोनांवर भागत नाही. म्हणून आधी लॅबोरेटरी, मार्केट किंवा व्हिलेजसोबत स्मिदी असं जास्तीची पानं किंवा नाणी मिळवून देणारं काहीतरी जोडा, निदान तिसरं-चौथं गोल्ड तरी.

दुसरं चॅपल सहसा नको. काढायची पानं तीन-चार खेळ्यांत संपतात, मग दोन निकामी पानं हातात येत राहतात. पहिलं चॅपलही काम झाल्यावर निकामीच असतं, पण ते सोसवतं. टेबलावर विच (इतरांना कर्स देणारं पान) असेल तर हिशोब बदलतो: चौघांत ३० कर्स (उणे १ गुणाची पानं) असतात आणि एका फेरीत तुमच्यावर तीन येऊ शकतात. तेव्हा चॅपल शेवटपर्यंत राबतं. सुरुवातीलाच ५ आणि २ नाण्यांचे हात आले (सहा डावांत एकदा येतात), तर विच आणि चॅपल दोन्ही घ्या. मिलिशियापासून (इतरांना हातातली पानं टाकायला लावणारं पान) मात्र सांभाळा. हात तीन पानांवर येतो, त्यातलं एक चॅपल, म्हणजे दोनच पानं काढता येतात. त्या वेळी चांगली पानं टाकून चॅपल आणि दोन कचऱ्याची ठेवा.

इस्टेट काढताना गुण जातात हे खरं, पण तिन्ही मिळून ३ गुण, म्हणजे अर्धं प्रॉव्हिन्स. सुरुवातीला ते खुशाल द्या. प्रॉव्हिन्स तीन-चारच उरले की मात्र इस्टेटला हात लावू नका, आणि ८ जमत नसतील तेव्हा ५ मध्ये डची (३ गुणांचं पान) घ्या.

गार्डन्स (डेकच्या आकारावर गुण देणारं पान) आणि वर्कशॉप (४ पर्यंत किमतीचं पान फुकट मिळवून देणारं) एकत्र असतील तर समोरचा दर १० पानांमागे प्रत्येक गार्डन्सचा १ गुण गोळा करतो आणि गार्डन्स, वर्कशॉप, इस्टेट हे तीन ढीग रिकामे करून डाव संपवतो. तिथे चॅपल घेतलंत तर छाटणी दोन खेळ्यांत आटपा आणि एखाद-दुसरं कॉपर राहिलं तरी प्रॉव्हिन्सला लागा.