एचबीएसएजी निगेटिव्ह आला म्हणून हिपॅटायटिस बीची लस नको, असं नसतं

भाऊ, तुम्ही विचारलंत की मुलीचा नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी केलेला एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी या लिव्हरच्या इन्फेक्शनची रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह आला, मग आता लशीचे तीन-तीन डोस कायले घ्यायचे? मी इथे नागपूरला धंतोलीत लॅबमध्ये २२ वर्षं रक्तच तपासतोय, तर ऐका. ही टेस्ट व्हायरसचं वरचं कवच शोधते (जुने डॉक्टर अजूनही याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात). कार्डावर सीरम टाकलं, पंधरा-वीस मिनिटांत एकच रेघ उठली, म्हणजे आज ते कवच सापडलं नाही, बस. अंगात प्रतिकारशक्ती आहे की नाही हे त्या रेघेला काय माहीत!

त्यासाठी अँटी-एचबीएस टायटर (त्या कवचाविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात किती आहेत, तो आकडा) लागतो, तो १० mIU/mL किंवा वर पाहिजे. मला स्वतःला एकदा सुई टोचली, लस घेतलेली होती म्हणून मी बिनधास्त, अन् टायटर आला ३! लस घेतल्यावर तपासून बघायचं मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. मग एक डोस घेतला, दीड महिन्यानं परत केला तेव्हा दोनशेच्या वर गेला, तोपर्यंत झोप नव्हती बापा.

तिसरी टेस्ट अँटी-एचबीसी टोटल (व्हायरसच्या आतल्या गाभ्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते), ही लोक विसरतात आणि माझ्या मते हीच खरी गंमत आहे. लशीत नुसतं कवचाचं प्रोटीन असतं, आतला गाभा नसतो, त्यामुळे ही पॉझिटिव्ह आली तर लशीमुळे नाही, खरं इन्फेक्शन कधीतरी शिरलेलं असतं. टायटर चांगला अन् ही निगेटिव्ह, तर लशीची कमाई. दोन्ही पॉझिटिव्ह अन् एचबीएसएजी निगेटिव्ह, तर होऊन बरं झालेलं. तिन्ही निगेटिव्ह, तर पोरगी कोरी आहे, डोस घ्याच, ०, १ आणि ६ महिने.

आणि एक, डोस घेतल्या घेतल्या एचबीएसएजी करू नका, लशीतलं प्रोटीनच रक्तात सापडून १८ दिवसांपर्यंत खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, घरात उगाच रडारड. खरंच पॉझिटिव्ह आला तर मात्र गॅस्ट्रोच्या डॉक्टरकडे जा, तो सहा महिन्यांनंतरही टिकला तर क्रॉनिक धरतात.

टायटर तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी करा आणि कागद सांभाळून ठेवा, जॉब लागताना परत मागतात.